रेसिपीतला कोणता आकडा पाळायचा आणि कोणता हलवायचा?

सातवी_खेप (प्रश्न)

गेल्या वर्षभरात मी घरी सहा वेळा बिअर केली. प्रत्येक खेप साधारण २० लिटरची होती आणि प्रत्येक वेळी दळलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) मॅश करूनच, म्हणजे तो गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढूनच, केली. पहिल्या पाच खेपांत मी रेसिपी अक्षरशः पाळली. माल्ट ग्रॅमपर्यंत तोलला, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) सांगितलेल्या मिनिटालाच उकळीत टाकले, यीस्टही सांगितले तेच आणले. तरीही पाचवी खेप, म्हणजे एक साधी फिकट एल, वर्णनाप्रमाणे उतरली नाही. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे विरघळलेल्या साखरेचे माप) १.०५० यायला हवी होती, ती १.०४४ आली. बिअर पातळ लागली आणि जिभेवर मागे राहणारा कडवटपणा मात्र अपेक्षेपेक्षा बराच जास्त होता.

त्या निराशेतून सहावी खेप मी मनाने केली. त्याच एलच्या रेसिपीत अर्धा किलो मध घातला, क्रिस्टल माल्ट (गोडवा आणि रंग देणारा खास माल्ट) दुप्पट केला, निम्मे हॉप्स उकळीच्या अखेरीस टाकले आणि आच बंद करण्यापूर्वी धने व संत्र्याची सालही घातली. बिअर पिण्याजोगी झाली, दोघातिघांनी पुन्हा मागूनही घेतली. पण तिच्यात काय चांगले झाले आणि ते कशामुळे झाले, हे मला सांगता येत नाही. सालीचा तुरटपणा सोडला, तर एकाही चवीच्या मुळावर मला बोट ठेवता येत नाही.

रेसिपी तंतोतंत पाळली तेव्हा हवी ती बिअर मिळाली नाही, आणि मनाने केली तेव्हा मिळाली त्या बिअरची मला ओळख पटली नाही. आधी काही वर्षे मुकाट्याने रेसिपी पाळावी आणि मगच हात मोकळा सोडावा, असे काही जण सांगतात. तुमचा अनुभव काय सांगतो? रेसिपीतल्या कोणत्या गोष्टी हलवू नयेत आणि कोणत्या हलवल्या तर चालतात, हे तुम्ही कसे ठरवता?

जवाचा_दाणा

पाचव्या खेपेत तुम्ही रेसिपीतले ग्रॅम पाळलेत, पण रेसिपी पाळली गेली नाही, असे मला वाटते. यात तुमच्या मेहनतीचा दोष नाही. रेसिपी ही दुसऱ्या कुणाच्या तरी भांड्यात, त्याच्या दळणाने आणि त्याच्या पाण्याने एकदा घडलेल्या गोष्टीची नोंद असते. साडेचार किलो माल्टपासून २० लिटर वॉर्ट (आंबवण्यापूर्वीचे गोड द्रव) काढताना ज्याच्याकडे माल्टमधली ७५ टक्के साखर उतरते, त्याला १.०५० च्या आसपास ग्रॅव्हिटी मिळते. तेवढ्याच माल्टमधून ज्याच्याकडे ६५ टक्केच उतरते, त्याची ग्रॅव्हिटी १.०४४ वर थांबते. तुमचा आकडा नेमका तोच आहे. दळण जाड राहिले असेल, किंवा मॅशवरून धुण्याचे पाणी घाईने सोडले गेले असेल. कारण काहीही असले तरी तुमच्या साधनांची उतार ६५ टक्के आहे, ही त्या खेपेतून मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती आहे, आणि ती तुम्हाला मिळाली ती रेसिपी काटेकोरपणे पाळल्यामुळेच.

कडवटपणाचेही तसेच आहे. रेसिपीत ४० ग्रॅम हॉप्स लिहिलेले असतात, परंतु कडवटपणा वजनातून येत नाही; हॉप्समधल्या अल्फा आम्लांची उकळीत रचना बदलते, त्यातून तो येतो. त्या आम्लांचे प्रमाण ५ टक्के असेल, तर ६० मिनिटे उकळलेले ४० ग्रॅम हॉप्स २० लिटर बिअरला सुमारे २३ आयबीयू (कडवटपणाचे एकक) देतात. तुमच्या पाकिटावर ८ टक्के छापलेले असेल, तर तेच ४० ग्रॅम ३७ च्या घरात जातात. हॉप्सची जात तीच असली तरी हा आकडा पिकागणिक बदलतो, म्हणून पाकीट उघडण्यापूर्वी तो वाचून हिशेब पुन्हा मांडावाच लागतो. त्यातून बिअर पातळ असली की तोलायला गोडवा कमी पडतो आणि आहे तो कडवटपणाही अधिक बोचतो. तुमच्या पाचव्या खेपेत हे दोन्ही एकदम झाले असावे.

म्हणून मी रेसिपी हातात आली की आधी ती टक्क्यांत उतरवून घेतो. एकूण माल्टपैकी मुख्य माल्ट किती टक्के, क्रिस्टल किती, भाजलेला किती, सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी किती, आयबीयू किती, मॅशचे तापमान किती, यीस्ट कोणते आणि ते कोणत्या तापमानाला आंबवायचे. हे आकडे मी पाळतो, ग्रॅम मात्र माझ्या भांड्याप्रमाणे नव्याने काढतो. मॅशच्या तापमानाला हलके समजू नका. ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर कोरडी होते. ६८ च्या वर गेलात की न पचणारे घटक जास्त उरतात आणि बिअरला भरीवपणा येतो. थर्मामीटर दोन अंशांनी चुकीचा असेल, तर रेसिपी पाळूनही वेगळी बिअर हातात येते. पाण्याबद्दल तर बहुतेक रेसिप्या बोलतच नाहीत, आणि तरीही इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटची एल ही तिथल्या जिप्समयुक्त पाण्याची आणि चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनची फिकट लागर (थंड तापमानाला आंबवलेली बिअर) ही तिथल्या अतिशय मृदू पाण्याची देणगी आहे.

माझा सल्ला असा की तीच फिकट एल आणखी दोनदा करा, परंतु या वेळी आकडे जुळवून करा. तिसऱ्या वेळी तुम्हाला हवी ती ग्रॅव्हिटी अपेक्षेप्रमाणे मिळाली की मग मनाने बदल करायला तुमच्या पायाखाली जमीन असेल.

मंद_आच

वरच्या उत्तरातला हिशेब मला पूर्ण मान्य आहे. ओळीने तीनदा तीच बिअर करण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. एका खेपेला पूर्ण दिवस जातो, मग दोन आठवडे आंबवणे आणि तेवढेच बाटल्यांत मुरणे. तीच बिअर तीनदा करण्यात वर्षाचा मोठा भाग निघून जातो आणि ज्या कुतूहलापोटी माणूस या छंदात येतो ते मधल्या मध्ये विझते. मी सुरुवातीपासून स्वतःच्या मनाने बदल करत आले आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मला उशिरा कळले ते इतकेच, की बदल २० लिटरवर करून पाहायचा नसतो.

नवा माल्ट मी आधी पाण्यात चाखते. ५० ग्रॅम माल्ट बारीक दळून ६५ अंशांच्या ४०० मिलिलिटर पाण्यात पंधरा मिनिटे ठेवायचा आणि गाळून थंड झाल्यावर प्यायचा. दोन प्रकारचे क्रिस्टल माल्ट असे शेजारी शेजारी ठेवून चाखले, तर एकाला मधासारखा गोडवा आणि दुसऱ्याला जळक्या मनुकांचा वास आहे, हे वाचून कळणार नाही इतके स्पष्ट कळते. हा गोडवा आंबल्यावर कमी होणार हे लक्षात ठेवावे लागते, पण ओळख पक्की होते.

मसाल्यांसाठी मी याहून सोपे करते. तुम्ही धने आणि साल उकळत्या वॉर्टमध्ये टाकलीत. तिथे एकदा पडलेली वस्तू परत काढता येत नाही. मी १० ग्रॅम धने जाडसर कुटून १०० मिलिलिटर व्होडकात चार दिवस बंद बाटलीत ठेवते आणि गाळून घेते. बिअर आंबून झाली की बाटल्या भरण्याच्या दिवशी १०० मिलिलिटरचे चार ग्लास ओतायचे. पहिला तसाच ठेवायचा. उरलेल्या तिघांत सुई नसलेल्या सिरिंजने अनुक्रमे ०.२, ०.४ आणि ०.८ मिलिलिटर अर्क घालायचा. मागच्या वेळी ०.२ चा ग्लास मला साध्या बिअरसारखाच लागला, ०.८ चा नाकाजवळ नेताच साबणासारखा वास आला, आणि ०.४ च्या ग्लासात धने आहेत हे न सांगता कुणी ओळखले नसते, पण बिअर मात्र ताजी आणि उजळ वाटत होती. मग २० लिटरला ८० मिलिलिटर, एवढाच हिशेब उरला. संत्र्याची सालही अशीच भिजवावी, आणि सोलताना फक्त वरचा नारिंगी पापुद्रा घ्यावा. तुम्हाला जाणवलेला तुरटपणा आतल्या पांढऱ्या भागाचा असण्याची दाट शक्यता आहे.

यीस्ट आणि हॉप्सच्या सुगंधासाठी ही युक्ती चालत नाही. त्यासाठी मी एकच वॉर्ट दोन भांड्यांत १०-१० लिटर वाटून घेते आणि एकात रेसिपीतले यीस्ट, दुसऱ्यात माझ्या आवडीचे घालते. वॉर्ट, दिवस आणि खोली तीच राहिल्याने जो फरक उरतो, तो यीस्टचाच असतो. रेसिपी पाळणे आणि स्वतःच्या मनाने करणे यांपैकी एकच निवडा, असे मला कधी वाटलेच नाही, कारण एका खेपेत दोन्ही मावतात.

१५१६ च्या बव्हेरियातल्या त्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स एवढ्याच वस्तूंना परवानगी होती. यीस्टचा तर त्यात उल्लेखही नव्हता. इतक्या आखीव चौकटीतही फिकट बिअर झाल्या, काळ्या झाल्या आणि धुरकट चवीच्याही झाल्या. त्यामुळे नवे काही करण्यासाठी बाहेरची वस्तूच घालावी लागते असे नाही. माल्टचे प्रमाण आणि यीस्टचे तापमान हलवूनही बिअर ओळखू न येण्याइतकी बदलते.

तळघर

एका बाबतीत कुणीही अंदाजाने करू नये, आणि ती बाब वर आलेली नाही म्हणून लिहितो आहे.

माझ्या चौथ्या खेपेत मी बाटल्यांत घालायची साखर चमच्याने घातली, प्रत्येक बाटलीत एक चमचा, डोळ्यांना बरा वाटेल इतका. त्याआधी ग्रॅव्हिटी १.०१८ वर होती. बुडबुडे थांबले होते, म्हणून आंबणे संपले असे मी गृहीत धरले. रेसिपीत शेवटची ग्रॅव्हिटी १.०१० लिहिली होती आणि मी ती वाचलीही होती. नवव्या दिवशी पहाटे कपाटात पहिली बाटली फुटली. दार उघडले तेव्हा वरच्या फळीच्या लाकडात काचेचा बोटभर लांब तुकडा उभा रुतलेला होता आणि त्याच्या उंचीवर, दार बंद नसते तर, माझा चेहरा आला असता. उरलेल्या बाटल्या मी जाड हातमोजे आणि चष्मा घालून, टॉवेलात गुंडाळून एकेक बाहेर नेल्या. त्यातल्या दोन नेता नेता फुटल्या.

नंतर हिशेब केला. २० अंशांना आंबलेल्या बिअरला साधारण फेस येण्यासाठी प्रतिलिटर ६ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम. माझ्या बिअरमध्ये अजून ८ अंक (१.०१८ पासून १.०१० पर्यंत) आंबायचे बाकी होते आणि त्यांतून प्रतिलिटर सुमारे १६ ग्रॅम साखरेइतका वायू बाटलीतच तयार होणार होता. वरून माझी चमच्याची साखर होतीच. साध्या बिअरच्या बाटल्या इतक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात.

तेव्हापासून लागोपाठ तीन दिवस ग्रॅव्हिटी तीच आल्याशिवाय मी बाटली भरत नाही, आकडा अपेक्षेपेक्षा वर अडकला असेल तर आधी त्याचे कारण शोधतो, आणि साखर एकत्र तोलून, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळतो. वॉर्ट थंड झाल्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करण्याच्या बाबतीतही माझा हाच नियम आहे. माल्ट, हॉप्स, मसाले यांत मी हवे ते करतो. तिथे चुकले तर फार तर बिअर वाया जाते.

एका_वेळी_एक

"एका वेळी एकच बदल करा" हा सल्ला तुम्हाला लवकरच कुणीतरी देईल, आणि माझे टोपणनावही त्यावरूनच आहे, म्हणून त्याची मर्यादा मीच सांगते. तो सल्ला शब्दशः घेतला तर फसवतो. बिअरमधले आकडे एकमेकांना बांधलेले असतात. तुमच्या सहाव्या खेपेचेच पाहा. मध जवळजवळ पूर्ण आंबतो, त्यामुळे अर्धा किलो मधाने २० लिटरची ग्रॅव्हिटी सुमारे ७ अंकांनी वाढवली असली तरी बिअरला गोडवा न देता उलट ती हलकी आणि कोरडी केली. क्रिस्टल माल्टमधली बरीच साखर आंबत नाही, त्यामुळे त्याने गोडवा आणि भरीवपणा वाढवला. या दोन बदलांनी एकमेकांना बरेचसे खोडून काढले आणि तुम्हाला दोन्हींपैकी काहीच ओळखू आले नाही, यात नवल नाही. निम्मे हॉप्स शेवटी घातल्याने कडवटपणा उतरला आणि पाचव्या खेपेतली मोठी तक्रार मिटली. लोकांनी ती बिअर मागून घेतली त्यामागे हे असावे, असा माझा कयास आहे.

म्हणून मी एका वेळी एक आकडा न बदलता एक हेतू बदलते. मधाचा सुगंध हवा, पण बिअर पातळ व्हायला नको, असा हेतू असेल तर मध घालणे आणि मॅशचे तापमान ६६ वरून ६८ अंशांवर नेणे हे दोन बदल मिळून माझ्या दृष्टीने एकच बदल होतो. भाजलेला काळा माल्ट वाढवायचा असेल, तर त्याने मॅशचा पीएच (आम्लतेचे माप) खाली जातो, म्हणून तोही तपासून ५.२ ते ५.६ च्या दरम्यान राखायचा. हाही त्याच बदलाचा भाग. वहीत मी आधी हेतू एका वाक्यात लिहिते आणि त्याखाली आकडे.

दुसरी गोष्ट चाखण्याबद्दल. स्वतः केलेला बदल आपल्याला चवीत सापडावा असे आपल्याला मनापासून वाटत असते आणि म्हणूनच तो सापडतो. मी तीन सारखे ग्लास घेते, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कोणता ते ओळखायला घरातल्या कुणाला तरी सांगते. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकदा उत्तर बरोबर येते, त्यामुळे एका माणसाच्या एका उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही; तेच दोन-चार जणांना, ग्लासांची जागा बदलून, पुन्हा विचारावे लागते. पहिल्यांदा केले तेव्हा ज्या फरकाबद्दल मी वहीचे अर्धे पान भरले होते, तो फरक चारपैकी एकालाच ओळखता आला, म्हणजे जवळपास नशिबाने जितक्यांना यावा तितक्यांनाच. मोजक्या नमुन्यांवरून किती विश्वासाने बोलावे, हा प्रश्न बिअर करणाऱ्यांचा जुनाच आहे. संख्याशास्त्रातली आज सर्वत्र वापरली जाणारी टी-चाचणी १९०८ साली मांडणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होते, आणि जव व माल्टच्या थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची त्यांची रोजची गरज होती.

बाटल्यांबद्दल तळघर यांनी लिहिलेले प्रत्येकाने दोनदा वाचावे.

सातवी_खेप

सर्वांचे मनापासून आभार. पाकीट शोधून पाहिले. माझ्या हॉप्समध्ये अल्फा आम्ल ७.८ टक्के होते आणि रेसिपी ५ टक्क्यांसाठी लिहिलेली होती. ही ओळ मी पाच खेपा वाचलीच नव्हती.

आता असे ठरवले आहे. फिकट एलचीच रेसिपी घ्यायची, माझी उतार ६५ टक्के धरून साडेचारऐवजी ५.२ किलो माल्ट घ्यायचा आणि ६० मिनिटांचे हॉप्स ४० ऐवजी २६ ग्रॅम. क्रिस्टल रेसिपीत आहे तेवढ्याच टक्क्यांत. वॉर्ट १०-१० लिटरच्या दोन भांड्यांत वाटून एक भाग तसाच आंबवायचा, दुसऱ्यात २५० ग्रॅम मध घालायचा. वॉर्ट एकच असल्याने मॅशचे तापमान फक्त मधाच्या भागासाठी वाढवता येणार नाही, म्हणून दोन्हींसाठी ६७ अंश ठेवते. धने आणि साल व्होडकात भिजवून दोन्ही बिअरमध्ये ग्लासागणिक चाखून पाहीन.

एकच शंका उरते. मध उकळीत घालावा की नंतर?

जवाचा_दाणा

उकळीत घातलात तर वाफेबरोबर मधाचा सुगंध बराचसा निघून जातो, आणि तुम्हाला वॉर्ट वाटायचेही आहे. त्या १० लिटरचे जोरदार आंबणे ओसरू लागले की, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, निर्जंतुक केलेल्या चमच्याने मध घाला. त्यानंतर आंबणे पुन्हा जोर धरेल, भांड्यात वर जागा ठेवा. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचे उपकरण) मात्र हा मध सुरुवातीच्या मोजणीत दाखवणार नाही, म्हणून त्या भांड्याची सुरुवातीची ग्रॅव्हिटी वहीत १.०५० न लिहिता १.०५७ लिहा. दोन्ही भाग १.०१० ला थांबले, तर साध्या भागात सुमारे ५.२ टक्के आणि मधाच्या भागात सुमारे ६.२ टक्के अल्कोहोल असेल. मधाचा भाग कदाचित १.०१० च्याही खाली जाईल, तेव्हा दोन्ही भांड्यांतून तीन दिवस वेगवेगळी मोजणी करा आणि ज्या दिवशी एक भाग थांबेल त्या दिवशी दुसराही थांबला असे धरू नका.